पत्र्याआडचा वारा

अल नहदा हे नाव दोन अमिरातींत विभागलेलं आहे. अर्धी वस्ती दुबईची, अर्धी शारजाची. राहायला शारजात आणि कामाला दुबईत हा इथल्या हजारो संसारांचा शिरस्ता, आणि माझाही तोच. सहारा सेंटरच्या मागच्या बाजूला माझी खोली आहे. शेजारच्या अल कुसैसच्या सनायात, म्हणजे गॅरेजं, वेल्डिंगची दुकानं आणि गोदामं यांच्या औद्योगिक पट्ट्यात, मी मोटार मेकॅनिकचं काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक जपानी. एसी, बॅटरी, रेडिएटर, ब्रेक असं काम उन्हाळाभर चालू असतं. त्या गाड्यांत एक मात्र निराळी आहे. १९७४ सालची फोक्सवॅगन कॅम्पर. वर उचलणारं छप्पर, आत झोपायची आणि चहा करायची सोय, आणि मागच्या टोकाला १६०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. मालक आपल्याकडचेच, चिंचवडचे. अल नहदातच राहतात. ते मला 'मिस्त्री' म्हणतात, मी त्यांना 'साहेब' म्हणतो, आणि गेली काही वर्षं त्या इंजिनाची देखभाल माझ्याकडे आहे.

या इंजिनात पाणी नाही. रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही, होज नाही, कूलंट नाही. सिलिंडरच्या आणि हेडच्या अंगावर पातळ फिन असतात आणि त्यांच्यावरून पंख्याने वारा ढकलायचा, एवढीच व्यवस्था. त्यामुळे गाडी बघायला थांबणारा जो तो एकच विचारतो, की ऑगस्टात, ४५ डिग्रीत, ही चालते कशी?

याचं उत्तर मी कागदावर मांडून दाखवतो. उष्णता वाहते ती तापमानाच्या फरकावर. पाण्यावर गार होणाऱ्या गाडीचा रेडिएटर साधारण ९५ डिग्रीला असतो असं धरू. पुण्यात हवा २५ डिग्री असली तर फरक ७० चा, इथं ४५ असली तर ५० चा. म्हणजे रेडिएटरची ताकद पाव हिश्शाहून जास्त घटली. आमच्या इंजिनाचं हेड चालत्या गाडीत १८० च्या आसपास असतं. पुण्यात फरक १५५, इथं १३५. घट आठव्या हिश्शाएवढी. गरम हवा विरळ असते, त्यापायी आणखी सहा-सात टक्के जातात, पण ते रेडिएटरचेही जातात. हिशेब हवेच्या बाजूनेच राहतो. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन फौजेची क्युबेलवागन धावली, तिचं इंजिन याच घराण्यातलं. त्यात उकळायला पाणीच नव्हतं.

मात्र हा हिशेब खरा ठरायला अट आहे. पंख्याने ओढलेला सगळा वारा फिनांमधूनच गेला पाहिजे, आणि एकदा तापलेला वारा पुन्हा पंख्याच्या तोंडी येता कामा नये. ही अट बारा महिने पाळायची, हेच या गाडीवरचं माझं काम. ते करता करता एक गोष्ट मला पक्की कळली. पाण्याच्या गाडीत रेडिएटरकडे बोट दाखवता येतं. इथं तसं बोट दाखवायला काही नाही. इथला गारवा पत्र्यांत, रबरी पट्टीत, बेल्टच्या ताणात, टॅपेटच्या फटीत, टायमिंगमध्ये, तेलात आणि चालवणाऱ्याच्या पायात वाटून ठेवलेला आहे. त्यातलं एक गळालं तर भार बाकीच्यांवर पडतो, आणि गाडी चालत राहते म्हणून ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

या विचाराचं बाळकडू मला पुण्यात मिळालं होतं. औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडलो आणि नाना पेठेतल्या एका गॅरेजात लागलो. तिथं काम मुख्यतः बजाज स्कूटरचं. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून निघू लागलेली चेतक तेव्हाही घरोघर होती. स्कूटरचं इंजिन डिक्कीसारख्या फुगलेल्या बाजूच्या आत दडलेलं असतं, समोरचा वारा त्याला लागत नाही. म्हणून फ्लायव्हीलवरच पंख्याची पाती दिलेली, आणि तो वारा सिलिंडरकडे वळवायला वरून काऊल. घाईतले मिस्त्री काम झाल्यावर ते काऊल परत बसवायचा कंटाळा करत. पंखा फिरे, वारा आजूबाजूला पसरून जाई, आणि गिऱ्हाईक कात्रजच्या घाटात पिस्टन जाम होऊन अडके. आमचे उस्ताद नवीन पोराला पहिल्याच दिवशी सांगत, "नट उरला तर विचार. काऊल उरलं तर गाडी दाराबाहेर काढू नको." चाळीस रुपयांच्या कामावरही त्यांचा हा नियम होता. फोक्सवॅगनच्या इंजिनावर पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा परकं असं काही वाटलं नाही ते त्यांच्यामुळे. फ्लायव्हीलऐवजी पंखा डायनॅमोच्या शाफ्टवर आहे आणि काऊलच्या जागी दहा-बारा पत्र्यांचं आवरण आहे, पण विचार तोच.

साहेबांची गाडी जिथून आली त्या घराण्याचा इतिहास मोठा आहे. हॉलंडमधले फोक्सवॅगनचे आयातदार बेन पोन यांनी १९४७ साली वहीत एक रेखाटन काढलं, इंजिन मागे, ड्रायव्हर पुढच्या चाकांवर आणि मधे सगळी मोकळी जागा. १९५० पासून वोल्फ्सबुर्गला आणि १९५६ पासून हॅनोव्हरला ही गाडी बनू लागली. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत दिल्ली आणि गोव्याच्या हणजूण किनाऱ्यापर्यंत आलेल्या तरुण प्रवाशांत अशा कॅम्पर होत्या. १९७९ साली इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानात घुसलेलं सोव्हिएत सैन्य यांमुळे तो रस्ता मिटला. इंजिन मात्र टिकलं. मेक्सिकोत बीटल २००३ पर्यंत आणि ब्राझीलमध्ये हवेवरची कोम्बी २००५ च्या अखेरीपर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती. म्हणून पिस्टनपासून टिनच्या पट्टीपर्यंत सगळं आजही नवं मिळतं. या गाडीला सुट्या भागांची वाण नाही. वाण असते ती भाग परत जागेवर लावणाऱ्या हातांची.

साहेबांनी गाडी प्रथम आणली तेव्हा तक्रार अशी होती की हत्ता या डोंगराळ गावाच्या रस्त्याला चढ लागला की ताकद मरते, सिग्नलला तेलाचा दिवा लुकलुकतो आणि मागून तापल्याचा वास येतो. आधी कोणाचे तरी उपाय करून झाले होते. बाहेरून एक जादा ऑइल कूलर लटकवला होता, त्याला विजेचा पंखा होता, थर्मोस्टॅट काढून टाकला होता. इंजिनाचं झाकण उघडल्यावर माझी नजर पहिल्यांदा कडेला गेली. इंजिनाभोवतीचा पत्रा आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये सगळीकडून बोट जाईल एवढी फट. तिथं रबराची पट्टी असायला हवी. ती नव्हतीच.

ही पट्टी कशासाठी, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. गाडीच्या मागच्या दोन्ही बाजूंना, खिडक्यांच्या मागे, हवा घ्यायच्या जाळ्या आहेत. तिथून गार हवा इंजिनाच्या खोलीत येते. पंखा ती ओढतो, पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरवर फेकतो, आणि तापलेली हवा खाली रस्त्याकडे निघून जाते. वरची खोली गार, खालची बाजू गरम. मधली भिंत म्हणजे सिलिंडरभोवतीचा पत्रा आणि ही रबरी पट्टी. पट्टी नसली की खालची गरम हवा फटीतून वर येते आणि पंखा तीच परत ओढतो. पंखा सेकंदाला शेकडो लिटर हवा फिरवतो. त्यातली थोडी जरी खालून आली तरी हेडला मिळणारी हवा ४५ ची राहत नाही, कितीतरी जास्त गरम होते. वर दिलेला माझा हिशेब तिथंच मोडतो. जादा ऑइल कूलर लावून ही फट बुजत नाही.

इंजिन उतरवायचं ठरलं. गिअरबॉक्सचे चार बोल्ट, मागचा आडवा बार, केबल, वायरी आणि पेट्रोलची नळी सोडवली की ते जॅकवर खाली येतं. पंख्याचं आवरण उचललं आणि सिलिंडर उघडे पडले, म्हणजे पडायला हवे होते. फिन दिसतच नव्हते. पुशरॉड ट्यूबच्या जुन्या सीलमधून झिरपलेलं तेल आणि इथली बारीक धूळ यांचा काळा, टणक थर कढईच्या बुडावर बसतो तसा दोन फिनांच्या मधे बसला होता. तिसऱ्या सिलिंडरच्या मागच्या बाजूला तर आरपार उजेड दिसेना. आमचा हेल्पर सायकलचा स्पोक घेऊन आला. मी त्याचं टोक ठोकून चपटं केलं आणि वाकवून दिलं. डिग्रीझर मारायचं, भिजू द्यायचं, स्पोक फिनांमधून ओढायचा, ब्रशने घासायचं, पुन्हा मारायचं. दोघांनी मिळून अख्खा दिवस तेच केलं. संध्याकाळी मी टॉर्च एका बाजूने धरला आणि त्याने दुसऱ्या बाजूने डोळा लावून प्रत्येक फटीतला उजेड तपासला. ज्या फटीत उजेड नाही, तिथं स्पोक परत.

हेडवरही तेच केलं. हेड ओतीव अॅल्युमिनियमचं असतं. काही हेडमध्ये ओतकामाचा उरलेला पापुद्रा फिनांच्या मधल्या वाटेत तसाच राहून गेलेला असतो, विशेषतः एक्झॉस्टच्या बाजूच्या अरुंद जागी. सगळ्यात जास्त उष्णता जिथं, तिथंच वाट बंद. तो पापुद्रा लांब कानसीने हळूच काढावा लागतो.

मग सांगाड्यातला सगळ्यात मोठा घोटाळा दिसला. सिलिंडरच्या पोटाखाली, पुशरॉड ट्यूबच्या वर, दोन्ही बाजूंना तळहाताएवढे वाकवलेले पत्रे असतात. वरून आलेला वारा सिलिंडरच्या माथ्यावरून घसरून सरळ खाली न जाता फिनांना वळसा घालून त्यांच्या खालच्या अंगापर्यंत पोचावा, म्हणून ते आहेत. ते एकाही बाजूला नव्हते. आमच्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या मागे वेगळ्या घरात असतो, आणि त्याच्यातून निघणारी गरम हवा खाली नेणारा एक छोटा पत्र्याचा बोगदा असतो. तोही नव्हता. म्हणजे कूलरची सगळी उष्णता परत इंजिनाच्या खोलीत. नव्या भागांची खोकी आली तेव्हा हेल्परने ते पोटाखालचे पत्रे उलटसुलट करून पाहिले. "उस्ताद, ये छोटा पत्ती नहीं लगाया तो गाडी चलेगा?" मी म्हटलं, चलेगा. म्हणूनच कोणी लावत नाही. त्याला मी ते लावण्याआधी आणि लावल्यावर वारा कुठून कसा जातो ते खडूने जमिनीवर काढून दाखवलं. बोल्ट कसायला त्यानेच घेतले.

ऑइल कूलरच्या त्या घरामागेही एक गोष्ट आहे. जुन्या इंजिनांत कूलर पंख्याच्या आवरणाच्या आतच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा असे. तिसऱ्याला कूलरमधून तापून आलेला वारा मिळे आणि तोच सिलिंडर आधी जाई. कंपनीने डिस्ट्रिब्युटरचा कॅम असा घासला होता की तिसऱ्याची ठिणगी बाकीच्यांपेक्षा काही अंश उशिरा पडावी. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर वाटेतून बाजूला काढला. तरी हवेवरच्या इंजिनाचे मिस्त्री आजही तापमानाचा सेन्सर तिसऱ्याच्याच प्लगखाली बसवतात. आम्हीही काम काढण्याआधी तो तिथंच बसवला होता. पट्टी, पत्रे, बोगदा सगळं जागेवर आल्यावर साहेब हत्ताला जाऊन आले. जो काटा पूर्वी चढावर २३० कडे धावत होता तो २०० च्या आत राहिला. २३० च्या वर गाडी रोज चालली तर अॅल्युमिनियमचं हेड थकतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागा सैल पडतात. जादा ऑइल कूलर आणि विजेचा पंखा आम्ही काढून टाकला. थर्मोस्टॅट मात्र परत बसवला. इथं हिवाळ्यातल्या पहाटे १५ डिग्री असते, आणि इंजिन लवकर तापून तेल पातळ झालेलं बरं. भीती धरण्याचं कारण नाही, कारण हा थर्मोस्टॅट बिघडला तर फुगून वाऱ्याच्या झडपा उघड्याच ठेवतो.

मोठं काम एकदाच करावं लागतं. खरी परीक्षा नंतरच्या छोट्या कामांची, आणि त्यांत टॅपेट पहिलं. फट ०.१५ मिलिमीटर, आठही व्हॉल्व्हना सारखी, आणि इंजिन पूर्ण गार असताना. जुलैत पूर्ण गार इंजिन मिळवायचं म्हणजे पहाटे उठायला हवं. मी फजरच्या अजानीच्या सुमाराला साहेबांच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये जातो. गाडी आदल्या दुपारपासून उभी असते. इंजिनाच्या अंगाला तळहात लावून ते हाताएवढंच गरम आहे याची खात्री करतो, कारण तळघरातली हवाही तेव्हा तिशीच्या वरच असते. तारेची क्लिप खाली दाबली की टॅपेटचं झाकण सुटतं. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून रोटर पहिल्या सिलिंडरच्या खुणेवर आणायचा. मग १३ चा पाना, पेचकस आणि फिलर गेज. गेज ओढताना किंचित अडखळला पाहिजे. सहज सरकला तर सैल, हिसका द्यावा लागला तर घट्ट. पहिला झाला की क्रँक उलट्या दिशेने अर्धा फेरा, दुसरा. पुन्हा अर्धा, तिसरा. पुन्हा अर्धा, चौथा. ठिणगीचा क्रम १-४-३-२ असल्याने उलटं फिरवलं की सिलिंडर ओळीने येतात.

टॅपेटला गिऱ्हाईक आवाजाची गोष्ट समजतं. मी त्याला गारव्याची समजतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत तापतो आणि त्याची बरीचशी उष्णता तो सीटवर टेकलेला असताना हेडमध्ये उतरते. फट कमी झाली की व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही. टेकला नाही की उष्णता उतरत नाही, आणि तो जळतो किंवा त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं. म्हणून प्रत्येक वेळी मी आठही फटी वहीत लिहितो. एखाद्या एक्झॉस्टची फट दर वेळी थोडी थोडी कमी होत गेली तर तो व्हॉल्व्ह ताणला जातोय किंवा त्याची सीट खाली बसतेय. फट परत बरोबर करून विषय संपवायचा नसतो, हेड उतरवायची तयारी करायची असते. टॅपेट आवाज करतंय म्हणून घट्ट करून देणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला खूश करून पाठवतो आणि इंजिनाचं आयुष्य कमी करतो. थोडा आवाज करणारं टॅपेट मला चालतं, मुकं टॅपेट चालत नाही.

टायमिंगचंही असंच. पिकअप वाढावा म्हणून डिस्ट्रिब्युटर थोडा पुढे फिरवून देणं हा सनायातला सर्रास उद्योग. पाण्याच्या गाडीला ते काही काळ खपतं. इथं ठिणगी पाच अंश जरी जास्त आधी पडली तरी हेड तापतं, आणि चालवणाऱ्याला गाडी छान पळतेय असंच वाटतं. मी टायमिंग लाइट लावून, रेस करून, वेगावरची ठिणगीची पूर्ण आघाडी ३० अंशांच्या आसपास थांबते ना हे बघितल्याशिवाय डिस्ट्रिब्युटरचा नट कसत नाही. मिश्रण पातळ झालं तरी तोच परिणाम. इनटेक मॅनिफोल्डच्या रबरी बाह्यांना इथल्या उन्हात लवकर भेगा पडतात आणि तिथून चोरटी हवा आत जाते. प्लग काढल्यावर टोक पांढरं दिसलं तर मी जेट बदलायच्या आधी त्या बाह्या तपासतो. महागडं ९८ चं पेट्रोल भरलं की इंजिन गार राहतं हाही एक समज आहे. या इंजिनाचं कॉम्प्रेशन ७.५ ला १, त्याला पंपावरचं ९१ चं ई-प्लस पुरतं. वाचलेले पैसे बाह्यांवर खर्च करावेत.

तेल फक्त अडीच लिटर बसतं, आणि कारखान्याच्या या इंजिनाला कागदी फिल्टर नाही, तारेची जाळी आहे. एवढंसं तेल वंगणाचंही काम करतं आणि उष्णता वाहून नेण्याचंही. पुस्तकात ५,००० किलोमीटरला बदला असं आहे. इथली धूळ आणि ऊन बघून आम्ही निम्म्यावरच बदलतो, जाळी काढून धुतो आणि जाळीत काय अडकलं ते उजेडात पाहतो. चमकणारा कण दिसला तर गाडी तिथंच थांबते.

बेल्टबद्दल मी साहेबांना आणि त्यांच्या घरच्या सगळ्यांना एकच गोष्ट पाठ करून घेतली आहे. बहुतेक गाड्यांत चार्जिंगचा लाल दिवा लागला तर घरापर्यंत जाता येतं. या गाडीत तो दिवा लागला की कडेला घ्यायचं आणि चावी बंद करायची, कारण डायनॅमो आणि पंखा एकाच शाफ्टवर, एकाच बेल्टवर आहेत. बेल्ट तुटला तर वारा त्याच क्षणी संपतो. अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. ताण बदलायला पुलीच्या दोन अर्ध्या भागांमधले शिम काढायचे किंवा घालायचे असतात. जास्तीचा बेल्ट, २१ चा पाना आणि जाड पेचकस गाडीत कायम असतो, आणि साहेबांच्या मुलीलाही बेल्ट बदलता येतो. तसंच कापडाचं. पंख्याचं तोंड उघडं असतं आणि विसरलेलं फडकं ते झटक्यात ओढून घेतं. झाकण लावण्याआधी आमच्याकडे फडकी मोजून ठेवली जातात.

एक काम गारव्याचं नाही, पण त्याच्या शेजारचं आहे आणि जिवाशी गाठ असलेलं आहे. पेट्रोलच्या रबरी नळ्या गरम खोलीत कडक होतात, भेगाळतात, आणि गळलेलं पेट्रोल इग्निशनच्या शेजारी पडतं. या जातीच्या किती गाड्या त्यापायी जळाल्या. इंजिनाचं क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. ते पेटलं तर पाण्याने आग आणखी भडकते. म्हणून नळ्या आणि क्लिपा दर वर्षी बदलायच्या, चांगल्या दिसल्या तरी. गाडीत पावडरचा अग्निशामक हाताशी हवा, बिछान्याखाली गाडलेला नको.

राहिला चालवणाऱ्याचा पाय. पंखा इंजिनाच्या वेगाच्या प्रमाणात फिरतो, त्यामुळे चौथ्या गिअरमध्ये गाडी रेटत चढ चढवली तर उष्णता सगळ्यात जास्त आणि वारा सगळ्यात कमी. तिसऱ्यात घेतली, इंजिन मोकळं फिरू दिलं की आवाज वाढतो आणि काटा खाली येतो. साहेबांना सुरुवातीला तो आवाज सहन होत नसे. मी त्यांच्या शेजारी बसून जेबेल जैसच्या रस्त्यावर काटा दाखवला. १,९३४ मीटरच्या या डोंगराचा लांबच लांब चढ तिसऱ्या-दुसऱ्यात चढल्यावर त्यांनी पुन्हा कधी गाडी रेटली नाही. सपाट हमरस्त्यावर १२० ने जाणाऱ्या गाड्यांच्या उजव्या कडेने ८५ ने जायचं. चढ संपल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर आयडलला ठेवायची, कारण इंजिन थांबलं की पंखाही थांबतो आणि साठलेली उष्णता आतच राहते. अल नहदाच्या संध्याकाळच्या गर्दीला मात्र फार घाबरायचं कारण नाही. उभ्या गाडीत इंजिन उष्णताही कमीच करतं.

१५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्यावर काम करायला इथं कायद्याने बंदी आहे. त्या तासांत मी सावलीत बसून करक चहा घेतो, आणि साहेबही त्या वेळेत गाडी बाहेर काढत नाहीत. यंत्राला मर्यादा आहे हे मान्य करणं हाही देखभालीचाच भाग आहे. ती मर्यादा पाळली तर पन्नास वर्षांचं इंजिन अजून कितीतरी चालेल असं मी छातीठोक सांगू शकतो.

हे काम करताना मला आनंद होतो तो एवढ्यासाठी की इथं काहीच कायमचं लपवता येत नाही. बनवणाऱ्याने प्रत्येक पत्रा विचार करून दिला, आणि आपण तो समजून परत लावला की गाडी ऐकते. जो भाग काढल्यावरही गाडी चालते, तो बिनकामाचा असतो असं नाही. त्याचं काम सावकाश होतं, म्हणून तो नसल्याचं नुकसानही सावकाश कळतं. माझ्या हेल्परने आता टोयोटाच्या इंजिनाखालचा प्लास्टिकचा पत्राही विचारल्याशिवाय बाजूला टाकणं सोडलं आहे. आमच्या उस्तादांचा नियम नाना पेठेतून सनायापर्यंत पोचला, याचं मला समाधान आहे.

हल्ली इथली तरुण मंडळी अशा गाड्या घ्यायला बघतात आणि मला रंगाबद्दल, गाद्यांबद्दल, पडद्यांबद्दल विचारतात. त्यांना माझं सांगणं असं. आधी मागचं झाकण उघडा. इंजिनाच्या कडेने बोट फिरवा आणि रबरी पट्टी सगळीकडे आहे का बघा. मग गाडीखाली आडवे व्हा आणि सिलिंडरच्या पोटाचे पत्रे आहेत का बघा. नसतील तर सौदा मोडू नका, पण त्यांचे पैसे किमतीतून आधी बाजूला काढा. रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालतो.